नववा श्लोक गाळून थेट दहावा



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या आणि दहाव्या श्लोकांवर. दहावा आपल्या सगळ्यांचा लाडका. योग्याने एकांतात, एकट्याने राहावं, कशाची आशा धरू नये, साठवण करू नये आणि मन सतत आत वळवावं, असं भगवंत त्यात सांगतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी बोस्टनहून निघून मी व्हरमाँटमधल्या एका लाकडी केबिनमध्ये तीन आठवडे राहिलो, तो याच श्लोकाच्या भरवशावर. अडलेलं पुस्तक पूर्ण करायचं आणि पहाटे ध्यान, असा बेत होता.

बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत. फोनला रेंज नाही. लोखंडी शेगडी म्हणजे आपल्या बंबाची मोठी बहीण. पहाटे चारला उठून लाकूड घातलं नाही, तर सहाला बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा. राख काढा, लाकडं आणा, दारासमोरचा बर्फ फावड्याने उपसा. एकांत हे काम किती कष्टाचं आहे, हे कोणी सांगत नाही!

आणि खरं सांगू? तिसऱ्या दिवसापासून आसनावर बसलो की दादाच समोर यायचा. सांगलीच्या घराच्या वाटणीवरून आमचं बिनसलं होतं. आठ महिने बोलणं बंद. शहरात असताना ऑफिस, लोकल, मोबाईल यांत ते भांडण दबून राहायचं. इथे दबायला काही नव्हतंच. माळ हातात आणि डोक्यात मात्र "तेव्हा मी त्याला असं सुनवायला हवं होतं" याची तालीम. एक दिवस १०८ मणी झाले आणि नाम किती वेळा घेतलं, ते मला आठवेना.

सोबत हेन्री डेव्हिड थोरोचं 'वॉल्डन' होतं. हा लेखक १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये तळ्याकाठी, स्वतः बांधलेल्या दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीत राहिला. हिवाळ्यातल्या तळ्यावरच्या प्रकरणात तो सकाळी गीता वाचत असल्याचं लिहितो. चार्ल्स विल्किन्सचं इंग्रजी भाषांतर १७८५ मध्येच छापलेलं होतं. त्याच तळ्याचा बर्फ कापून नेणारी माणसं तो बघतो आणि हे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळेल अशी कल्पना करतो. ती नुसती कविकल्पना नव्हे, बरं का! त्या भागातला बर्फ तेव्हा जहाजांनी खरोखर कलकत्त्याला जात होता. पण मला बोचलं ते दुसरंच. हा एकांतवासी दर एक-दोन दिवसांनी गावात चक्कर मारायचा. आईवडिलांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्याने कोणाशी संबंध तोडून एकांत मिळवला नव्हता.

मग मी गीता पुन्हा उघडली आणि दहाव्याच्या वरचा श्लोक नीट वाचला. नवव्यात भगवंत माणसांची यादीच देतात: हितचिंतक, मित्र, शत्रू, तटस्थ, मध्यस्थ, डोळ्यांना खुपणारा, नातलग, सज्जन, पापी. या सगळ्यांविषयी ज्याची बुद्धी सम, तो श्रेष्ठ. नातलगासाठी शब्द आहे 'बंधू'. आणि यादीत तो कुठे आहे बघा, 'द्वेष्य'च्या अगदी शेजारी! एकांताचा श्लोक त्याच्यानंतर येतो. मी मात्र नववा गाळून थेट दहाव्यात घुसलो होतो.

तरी दोन दिवस मी टाळलं. समबुद्धी म्हणजे माझा हक्क सोडायचा का, असा वाद मनाशीच घातला. आजही मला तसं वाटत नाही. वाटणीचा हिशोब हिशोबाच्या जागी राहू दे. त्या माणसाचं मनात रोज जे वाईट चिंततो, ते थांबवायचं होतं.

मार्चचा मध्य होता. रात्री कडाक्याची थंडी, दुपारी ऊन. याच दिवसांत मेपलच्या झाडांतून रस झरतो. रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं, दोन्ही लागतं. शेजारच्या शेतकऱ्याच्या बादल्यांत टप् टप् आवाज चालू होता. अंदाजे चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक. त्या झाडांमधून गुडघाभर बर्फ तुडवत मी रेंज मिळते त्या रस्त्यापर्यंत गेलो. सकाळचे नऊ, म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेसहा.

"दादा, मी बोलतोय."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"अरे, तिकडे बर्फ पडलाय म्हणे?"

"खिडकीपर्यंत."

"मग कानटोपी घातलीस का?"

घातली नव्हती. घराचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.