आभासी यंत्राची डिस्क : नोंद आणि पडताळणी

एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे स्वतंत्रपणे चालविता येतात. अशा यंत्राची डिस्क ही बहुधा यजमान संगणकावरील एक फाईल असते. ती कोठे आहे, तिचा प्रकार कोणता व ती कोणत्या मार्गाने जोडावयाची, याची नोंद ‘लिबव्हर्ट’ या व्यवस्थापन प्रणालीत एक्सएमएल स्वरूपात केली जाते.

या नोंदीची पडताळणी दोन अंगांनी होते. घटकांची नावे व मांडणी नियमानुसार आहे किंवा नाही, हे एक अंग. नोंदीचा अर्थ जुळतो किंवा नाही, हे दुसरे. एकाच यंत्रातील दोन डिस्कना एकच नाव दिल्यास, मांडणी निर्दोष असूनही, नोंद नाकारली जाते.

डिस्कचा प्रकार नोंदविण्याचे महत्त्व विशेष आहे. पूर्वी तो न दिल्यास डिस्कचा आरंभीचा भाग वाचून ओळखला जाई. परंतु साध्या, म्हणजे ‘रॉ’, डिस्कवर आभासी यंत्राला आरंभापासून काहीही लिहिता येते. तेथे ‘क्यूकाऊ-२’ प्रकाराचे बनावट शीर्ष लिहून त्यात आधारफाईल म्हणून यजमानाच्या गोपनीय फाईलचे नाव घातल्यास, यंत्र पुन्हा सुरू होताच ती फाईल त्याला वाचता येण्याचा धोका होता. २०१० मध्ये हा दोष उघडकीस आल्यावर प्रकार न दिलेली डिस्क ‘रॉ’ मानण्याचा नियम करण्यात आला.

पडताळणीचे मर्म यातच आहे. ज्या मजकुरावर पाहुण्याचा ताबा आहे, त्यावर यजमानाने विसंबू नये. डिस्कचा प्रकार व्यवस्थापकानेच स्पष्टपणे नोंदविणे इष्ट होय.