कार्डाचा गुप्त अंक आणि शिक्षकाचे कर्तव्य

धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती अशा तालुक्यांतील खेड्यांतून बँकेकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. पिकाचा मोबदला, रोजगार हमीची मजुरी, वृद्धांचे निवृत्तिवेतन, मुलांची शिष्यवृत्ती हे सर्व आता बहुतांशी बँकेच्या खात्यातूनच हाती येते. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली आणि ज्या घरांत पूर्वी कधी पासबुक नव्हते त्या घरांतही खात्याबरोबर रुपे कार्ड आले. कार्ड आले, परंतु ते सांभाळण्याची विद्या मात्र मागे राहिली.

अशा वेळी ग्रामस्थ शाळेकडे वळतात. कागदाच्या कपट्यावर चार आकडे लिहून तो कार्डाभोवती गुंडाळलेला असतो आणि “गुरुजी, तालुक्याला जातच आहात, तर दोन हजार काढून आणा ना जी,” अशी विनंती असते. या विनंतीत शिक्षकाविषयीचा आदर आहे. तथापि ती मान्य केल्याने खातेदाराचे हित होते की अहित, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे. त्या विचारास साह्य व्हावे आणि वरच्या वर्गांतील मुलांना या विषयाचा एक पाठ देता यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

कार्डाचे स्वरूप

डेबिट कार्ड म्हणजे खात्याची किल्ली. त्यावर कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याचा महिना व वर्ष, आणि बहुधा मागील बाजूस तीन आकडे असतात. पूर्वीच्या कार्डांवर केवळ काळी चुंबकीय पट्टी असे. तिच्यावरील मजकूर एखाद्या लहानशा यंत्राने उतरवून घेऊन हुबेहूब दुसरे कार्ड बनविणे चोरांस कठीण नव्हते. यास्तव ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत अशी कार्डे बदलून चिप असलेली कार्डे द्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. चिप प्रत्येक व्यवहाराच्या वेळी नवी सांकेतिक खूण तयार करते, म्हणून तिची नक्कल सहजासहजी होत नाही. ज्यांच्या घरी अजूनही चिप नसलेले जुने कार्ड असेल त्यांनी ते बँकेत नेऊन दाखवावे.

कार्ड ही किल्ली खरी. परंतु कुलूप उघडते ते चार आकड्यांच्या गुप्त अंकाने. त्यालाच लोक ‘पिन’ म्हणतात. मोबाइलवर येणारा ‘ओटीपी’ हाही असाच, पण एका व्यवहारापुरता गुप्त अंक होय.

फसवणुकीच्या रीती

पहिली रीत दूरध्वनीची. “बँकेतून बोलतो आहे, तुमचे कार्ड आज बंद पडणार,” असे सांगून भीती घालावयाची आणि कार्डाचा क्रमांक व ओटीपी काढून घ्यावयाचा. झारखंडातील जामतारा जिल्हा अशा दूरध्वनींमुळे देशभर कुप्रसिद्ध झाला. बोलणारा कोठून बोलतो हे ऐकणाऱ्यास कळत नाही. आवाज मात्र साहेबी असतो.

दुसरी रीत मदतनिसाची. एटीएमपाशी गोंधळलेल्या म्हाताऱ्यास कोणी तरुण ‘मदत’ करतो, अंक पाहून घेतो आणि परत देताना तशाच रंगाचे दुसरे कार्ड हाती ठेवतो. तिसरी रीत यंत्राची. एटीएममध्ये कार्ड घालण्याच्या जागी नक्कल करणारे यंत्र आणि वर बारीक कॅमेरा बसविलेला असतो. एका हाताने आकडे दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरला की कॅमेरा निरुपयोगी होतो.

या तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. चोराला गुप्त अंक हवा असतो आणि तो खातेदाराकडूनच मिळवावा लागतो.

नुकसान कोणी सोसावयाचे?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर मोठा सायबर हल्ला झाला. चोरांनी बनावट कार्डांच्या आधारे अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. तेथे खातेदारांपैकी कोणाचीही चूक नव्हती; हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता, आणि खातेदारांच्या ठेवी सुरक्षित असल्याचे बँकेने जाहीर केले.

दूरध्वनीवर ओटीपी सांगून बसलेल्या खातेदाराची गोष्ट निराळी आहे. हा भेद रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केला. दोष बँकेचाही नाही व खातेदाराचाही नाही, अशा फसवणुकीत सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविल्यास खातेदारावर कोणताही भार पडू नये, असे त्यात ठरले. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळविल्यास मूलभूत बचत खात्यावर अधिकात अधिक ५,००० रुपयांचा भार ठेवण्यात आला. परंतु खातेदाराने स्वतःच गुप्त अंक दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्यानेच सोसावयाचे. कळविल्यानंतरचे मात्र बँकेने.

यावरून ध्यानात येईल की गुप्त अंक हे केवळ पैशाचे कुलूप नव्हे. गेलेला पैसा परत मागण्याचा आधारही तोच आहे. अंक सांगितला की दोन्ही गोष्टी एकदमच हातच्या जातात.

शिक्षकाची मर्यादा

आता गुरुजींच्या हाती आलेल्या त्या कागदाच्या कपट्याकडे पुन्हा पाहावे. शिक्षक प्रामाणिक आहे, दोन हजार आणून देईल, यात शंका नाही. परंतु पुढे कधी त्या खात्यातून रक्कम गेली, तर “अंक दुसऱ्यास दिला होता” एवढ्याच कारणाने त्या गरीब खातेदाराची बाजू लंगडी पडेल. संशयाची सुई निर्दोष शिक्षकाकडेही वळेल. आणि गुरुजींना अंक सांगता येतो, तर बँकेच्या साहेबाला का सांगू नये, असा चुकीचा धडा सर्व गावास मिळेल, तो वेगळाच.

म्हणून शिक्षकाने कार्ड घेऊ नये, अंक ऐकू नये, आणि नकार देऊन मोकळेही होऊ नये. त्याने खातेदारास सोबत न्यावे, यंत्राची रीत समजावून द्यावी आणि अंक दाबण्याच्या वेळी पाठ फिरवून उभे राहावे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट अनेकदा बंद झालेली आहे; तेव्हा अशी फेरी उघडिपीतच उरकावी. ज्यास अक्षरओळख नाही, तोही आकड्यांच्या जागा ध्यानात ठेवू शकतो. वरच्या ओळीत एक, दोन, तीन. त्याखाली चार, पाच, सहा. त्याखाली सात, आठ, नऊ. आणि सर्वांत खाली शून्य. मधल्या पाचावर बहुधा बोटाला लागणारा उंचवटा असतो. यंत्रावरील अंक इंग्रजी वळणाचे असतात, म्हणून मराठी अंकांशी त्यांची जोडी पाटीवर लावून दाखवावी.

वर्गातील पाठ

पहिला भाग गणिताचा. चार आकड्यांचे अंक ०००० पासून ९९९९ पर्यंत किती होतात, असे मुलांना विचारावे. उत्तर १०,००० येते. तीन वेळा चूक झाल्यास कार्ड सामान्यतः अडते, म्हणजे चोराला दहा हजारांतून तीनच संधी मिळतात. आता कोणी जन्मतारखेचा दिवस व महिना हाच अंक ठेवला, तर शक्यता ३६६ उरतात. जन्मवर्ष ठेवले तर जेमतेम पन्नास-साठ. एवढ्या हिशेबाने जन्मवर्ष का ठेवू नये, हे मूल स्वतःच सांगते.

दुसरा भाग संवादाचा. एका मुलाने खोटा साहेब व्हावे, एका मुलीने आजी.

साहेब : आजी, तुमचे कार्ड आज बंद होत आहे. मोबाइलवर आलेला अंक लवकर सांगा.
आजी : बंद होऊ द्या जी. मी उद्या बँकेत येऊन विचारीन.
साहेब : उद्या उशीर होईल. पैसे जातील.
आजी : बँक कधी अंक विचारत नाही. फोन ठेवते मी.

हाच संवाद मुलांनी माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंगाली, जी घरची बोली असेल तीत करावा. कारण आजीशी बोलणे त्याच बोलीत होणार आहे.

गृहपाठ म्हणून मुलांनी घरच्या पासबुकातील शेवटच्या पाच नोंदी वडीलधाऱ्यांना वाचून दाखवाव्यात. कार्डाचा अंक विचारू नये. तो आईबापांनी मुलांनाही सांगावयाचा नाही, हेही त्यांना बजावावे.

फसवणूक झाल्यास

लाजेने गप्प बसणे हे फसवणुकीहून अधिक घातक ठरते. प्रथम बँकेच्या मदत क्रमांकावर कळवून कार्ड बंद करावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर माहिती द्यावी. रक्कम चोरांच्या एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी ती अडविता यावी, यासाठी तो आहे. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी व तिची पोच जपून ठेवावी. ज्या गावी मोबाइलला संदेशवहन मिळत नाही तेथे कोणत्या टेकडीवर वा वळणावर ते मिळते, हे गावाला ठाऊकच असते. त्या जागेपर्यंत त्याच घटकेस जावे. बँकेचा व १९३० हे दोन्ही क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून ठेवावेत.

साक्षरतेचा अर्थ केवळ सही करता येणे एवढाच नव्हे. आपला अंक आपणच दाबणारी म्हातारी एटीएमच्या खोलीतून पैसे मोजीत बाहेर येते, आणि दाराशी उभ्या असलेल्या गुरुजींना तो अंक ठाऊक नसतो, तेव्हा हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.