काट्यावर न गेलेली कॅरॅव्हॅन

किंबा गाव यायला अजून वीसेक किलोमीटर होते. आयर हायवेवर समोरून 36.5 मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर ओढणारा ट्रक, आली, सपकन बाजूनं निघून गेली, आणि तिच्या वाऱ्यानं मागची कॅरॅव्हॅन डुलू लागली. आधी थोडी, मग थेट पलीकडच्या मार्गिकेत शेपूट मारण्याइतकी. भावोजींनी घाबरून ब्रेक दाबला. डुलणं थांबायच्या ऐवजी वाढलं. अखेर सगळं धूड रस्त्याकडेच्या मुरमात तिरपं जाऊन थांबलं. उलटलं नाही, एवढंच.

माझी थोरली बहीण आणि भावोजी मेलबर्नमध्ये पस्तीस वर्षं राहिले. निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅन घेऊन निघणाऱ्यांना ऑस्ट्रेलियात ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. त्या मेळ्यात हे दोघंही सामील झाले. हायवे वनवरून, म्हणजे साधारण 14,500 किलोमीटर फिरून, देशाला प्रदक्षिणा घालायची होती. मार्ग, मुक्काम, औषधांच्या वेळा, सगळं ताईच्या वहीत होतं. वजन तेवढं नव्हतं.

‘तुमची गाडी 3,500 किलो ओढते,’ असं विक्रेत्यानं सांगितलं होतं. खरं होतं, पण अपुरं. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून एकत्र वजनालाही मर्यादा असते. गाडीत माणसं, डिझेल, सामान भरलं की पूर्ण 3,500 ओढता येतीलच असं नाही. शिवाय कॅरॅव्हॅनची स्वतःची मर्यादा वेगळी. यांच्या पाटीवर रिकामं वजन 2,250 आणि भरल्यावरची कमाल मर्यादा 2,700 किलो होती. हाताशी उरले 450. पंचाण्णव लिटरच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले 190 किलो पाण्यातच गेले. मग तांदूळ, डाळी, दोन कुकर, मिक्सर, रजया, भावोजींची अवजारं, आणि मागच्या बंपरवर जनरेटर व सायकली. त्या प्रसंगानंतर पोर्ट ऑगस्टाला परतून त्यांनी काटा केला. आकडा आला 2,940.

खरा घात त्या बंपरनं केला होता. टोबॉलवर, म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅन जिथं जोडतात तिथं, कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार हवा, असा तिथला संकेत आहे. मागे जड सामान टांगलं की तराजूसारखी पुढची बाजू हलकी होते आणि मागचा भाग लंबकासारखा झुलायला मोकळा होतो. यांच्या टोबॉलवर जेमतेम 150 किलो भार निघाला.

“निघण्याआधी पूर्ण भरलेली कॅरॅव्हॅन काट्यावर न्या,” ताई आता भेटेल त्याला सांगते. “पाणी, गॅस, कपडे, सगळ्यासकट. जड वस्तू चाकांच्या वर, तळाशी ठेवा. मागे काही टांगू नका. आणि डुलायला लागलीच, तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका. अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा आणि ब्रेक कंट्रोलरवर हात नेऊन फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावा.” कंट्रोलरची ती कळ भावोजींच्या गुडघ्याजवळच होती. तिला हात लावायचा सराव मात्र कधी केलेला नव्हता, आणि ऐन वेळी हात सरावाच्या जागीच जातो. मोकळ्या मैदानात दहा वेळा करून पाहावं, असं भावोजींचं सांगणं. मर्यादेपेक्षा जास्त वजन असेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हेही त्यांना नंतर कळलं.

पाणी कमी करणं शक्य नव्हतं. पुढे नलारबॉरचं पठार होतं, आणि तिथल्या रोडहाउसांवर टाक्या भरायला पाणी मिळेल असं धरून चालता येत नाही. म्हणून जनरेटर, सायकली, एक कुकर, अवजारांची जड पेटी आणि निम्मं धान्य पोर्ट ऑगस्टालाच उतरलं. मधाच्या दोन बरण्या तेवढ्या राहून गेल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर मध आणि ताजी फळं-भाज्या काढून द्याव्या लागतात; त्या बरण्या तिथं गेल्या.

बॅलाडोनियाच्या अलीकडचा 146.6 किलोमीटरचा नाकासमोरचा रस्ता ताईनं चालवला, ताशी 85 च्या वेगानं. समोर रोड ट्रेन दिसली की ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायची आणि भावोजी कंट्रोलरवर बोट ठेवून बसायचे. मुक्कामी शेजारी कुणी नवं जोडपं उतरलं, की चहाचा कप पुढे करत ताई आधी विचारते, “काट्याची पावती आहे ना तुमच्याकडे?”