गंजीच्या आडोशाचे विद्यार्थी

यंदा आपणांपैकीं कित्येक जण शाळा सोडून कॉलेजांत जातील. येथें प्रार्थनेची घंटा वाजते. रविवारीं उपासनेस नेणारीं वडील माणसें जवळ असतात. कॉलेजांत ती घंटा नाहीं. आम्ही वसतिगृहांत राहावयास गेलों तेव्हां महिनाभरांतच आमचें पवित्र शास्त्र ट्रंकेच्या तळाशीं गेलें. कोणी विरोध केला म्हणून नव्हे, तर कोणी विचारलेंच नाहीं म्हणून! यास्तव एका जुन्या कॉलेजची हकीकत सांगतों. तिचा आपल्या महाराष्ट्राशीं निकट संबंध आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत विल्यम्स कॉलेज आहे. १८०६ सालीं तेथील सॅम्युएल मिल्स व त्याचे कांहीं सोबती आठवड्यांतून दोनदां, बुधवारीं व शनिवारीं, प्रार्थनेसाठीं जमत असत. ऑगस्ट महिन्यांतील एका शनिवारीं पांच जण कुरणांत जमले असतां वादळ उठलें, तेव्हां ते गवताच्या गंजीच्या आडोशास बसले. आशिया खंडांत शुभवर्तमान नेलें पाहिजे, असें मिल्सनें प्रतिपादिलें. हार्वे लूमिस यास तें पटेना. मिशनरी धाडल्यास ते मारले जातील, अशी त्याची हरकत होती. इतरांनीं त्या कार्यासाठीं प्रार्थना केली, लूमिसनें केली नाहीं. तथापि त्या पांचांत त्याचेंही नांव आजवर घेतलें जातें, आणि पुढें तो स्वदेशांतच पाळक झाला.

वादळाची गोष्ट सर्व जण सांगतात. आम्हांस मात्र त्या बुधवार-शनिवारचें अधिक महत्त्व वाटतें. वादळ एकदांच आलें. ठरलेले वार दर आठवड्यास येत, आणि ते पाळले नसते तर त्या दिवशीं गंजीपाशीं कोण असतें?

या तरुणांच्या खटपटीनें १८१० सालीं अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. हॉल त्याच कॉलेजचा पदवीधर. कंपनी सरकार त्यांस राहूं देईना, तरी ते राहिले. या मिशननें पुढें मुंबईंत शाळा काढल्या व १८३१ सालीं अहमदनगर येथें ठाणें घातलें. हॉल १८२६ सालीं नाशिक-त्र्यंबकच्या फेरींत पटकीच्या रोग्यांस औषधें देत फिरला व परततांना त्याच रोगानें वारला. मिल्सला हिंदुस्थान दिसलाच नाहीं. १८१८ सालीं समुद्रप्रवासांत त्याचा अंत झाला.

पालकांस एक विनंति. मुलाच्या पत्राच्या उत्तरांत आपण गुण विचारतां, खानावळीचा हिशेब विचारतां. प्रार्थनेस तुझ्याबरोबर कोण बसतें, हेंही विचारावें.

आमचें शास्त्र ट्रंकेंतून निघालें तें दुसऱ्या सहामाहींत. शेजारच्या खोलींतील सोबत्यानें गुरुवारीं रात्रीं जेवणानंतर बोलाविलें. आम्ही तिघेच होतों. त्यांतील एकास शंका फार, आणि त्याच्यामुळें आम्हांस प्रत्येक अध्याय दोनदां वाचावा लागे.