सत्तर वर्षांचे पत्र
देवाची वेळ आणि आपली वेळ



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांच्या भिंतीवर यिर्मया संदेष्ट्याच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन फ्रेम करून लावलेले असते. देवाच्या मनात आपल्याविषयी जे आहे ते आपल्या भल्याचेच आहे, पुढे आपल्यासाठी आशा आहे, असा धीर त्यात दिला आहे. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आपण हे वचन लिहून देतो आणि आजाऱ्याच्या उशाशीही ठेवतो. ते योग्यच आहे. मात्र ११ वे वचन भिंतीवर लावताना त्याच्या आधीचे १० वे वचन आपण बाहेर ठेवतो. त्या वचनात देवाने मुदत सांगितली आहे, आणि ती मुदत आहे ७० वर्षे.

आज आपण ही दोन्ही वचने एकत्र वाचू या.

पत्र कोणाला लिहिले?

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले. तरुण राजा यखन्या, राजघराणे, कारागीर आणि शहरातील प्रतिष्ठित लोक यांना त्याने बंदी करून बाबेलला नेले. घर, शेत, मंदिर सारे मागे राहिले. या बंदिवानांना यिर्मयाने यरुशलेमहून पत्र पाठवले. तेच पत्र २९ व्या अध्यायात आहे.

या लोकांच्या मनात एकच प्रश्न होता : परत कधी जायचे? या प्रश्नाला हनन्या नावाच्या संदेष्ट्याने गोड उत्तर दिले होते (अध्याय २८). गुलामगिरीची खूण म्हणून यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत असे. हनन्याने ते सर्वांसमोर मोडले आणि जाहीर केले की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू असेच मोडेल, राजा परत येईल, मंदिरातील पात्रे परत येतील.

यावर यिर्मयाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तो प्रथम ‘आमेन’ म्हणाला. तुझे बोलणे देव खरे करो, अशीच त्याची इच्छा होती. लोकांचे दुःख लवकर संपावे असे त्यालाही वाटत होते. पण जे देवाने सांगितले नाही ते देवाच्या नावावर सांगायला तो तयार नव्हता. दोन वर्षे उलटली आणि कोणीही परत आले नाही.

हनन्यासारखे लोक आजही भेटतात. अमुक दिवसांत नोकरी लागेल, तमुक महिन्यात पाळणा हलेल, असे कोणीतरी छातीठोकपणे सांगतो. मग तो महिना येतो आणि जातो. शेवटी त्या माउलीलाच ऐकवले जाते, “तुझी श्रद्धा कमी पडली.” यासारखे क्रूर वाक्य दुसरे नाही. मूल न होण्याचे दुःख तिला होतेच, त्यावर आता अपराधाचे ओझेही आले. अशी माणसे हळूहळू मिस्साला यायची बंद होतात. खरे पाहता ती देवावर रुसलेली नसतात. देवाने कधी न दिलेल्या तारखेने त्यांना फसवलेले असते.

वाट पाहताना काय करायचे?

यिर्मयाच्या पत्रात तारीख लांबची आहे, पण कामे अगदी जवळची आहेत. घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचे फळ खा. लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावा. ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्या शहराच्या कल्याणासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना! बोचके बांधून दाराशी बसलेल्या माणसाला हे ऐकणे सोपे नव्हते.

आता थोडा हिशोब करू. पत्र आले तेव्हा जो ३० वर्षांचा होता, तो ७० वर्षांनी शंभरीचा झाला असता. म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती सुटका डोळ्यांनी दिसणार नव्हती. मग देवाचे अभिवचन त्यांच्यासाठी होते की नव्हते?

होते, कारण इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले आणि पुढच्या वर्षी यहुद्यांना परत जाण्याची परवानगी दिली. तेव्हा परत कोण गेले? बाबेलमध्ये बांधलेल्या त्या घरांत जन्मलेली मुले आणि नातवंडे. सर्वांनी हनन्याचे ऐकून दोन वर्षे, मग आणखी दोन वर्षे, बोचक्यावर बसून काढली असती, तर सुटकेचा दिवस उजाडला असता, पण घरी जायला कोणी उरलेच नसते. आजोबांनी लग्न केले, विहीर-मळा सांभाळला, मुलांना प्रार्थना शिकवली, हीच त्या अभिवचनाची वाट होती. देवाने आपले वचन त्यांच्या रोजच्या कामातूनच पुरे केले.

शेत आणि मडके

इतरांना धीर देणे सोपे असते. स्वतः यिर्मयाने काय केले? ३२ व्या अध्यायात यरुशलेमला वेढा पडला आहे आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. मुलूख शत्रूच्या हाती जात असताना ते शेत कोण घेईल? सातबाऱ्यावर नाव लागून उपयोग काय? तरीही यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो.

यिर्मयाने ते शेत कसल्याचे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. पुढे लोक त्याला मिसर देशात घेऊन गेले. पण या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे यांची खरेदी होईल, या देवाच्या शब्दावर त्याने आपली चांदी मोजली होती. आशा ही केवळ मनाची भावना नसते. तिच्यासाठी काहीतरी मोजावे लागते.

उंचावरून पाहणारा देव

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांचा एक दाखला आम्हाला शिकवला गेला. रस्त्याने चालणाऱ्याला आपल्या मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावर उभे राहून पाहणाऱ्याला सगळा रस्ता एकाच वेळी दिसतो. देव काळाकडे तसा पाहतो. आपल्याला ‘उशीर’ वाटतो तो रस्त्यावरून. देवापुढे संपूर्ण वाट उघडी आहे.

पण एवढ्याने चालणाऱ्याचे पाय दुखायचे थांबत नाहीत, हेही खरे. म्हणूनच तो देव उंचावर राहिला नाही. प्रभू येशू आपल्या रस्त्यावर उतरला आणि सुमारे ३० वर्षे नाझरेथमध्ये अप्रसिद्ध राहिला. लाझरस आजारी असल्याचा निरोप मिळूनही तो दोन दिवस होता तिथेच थांबला (योहान ११). मार्था आणि मरिया या दोघी बहिणींनी ही तक्रार त्याच्या तोंडावर सांगितली. तो त्यांच्यावर रागावला नाही. तो त्यांच्याबरोबर रडला. तेव्हा आपणही आपली तक्रार प्रार्थनेत बिनधास्त मांडावी. ती अश्रद्धा नव्हे. देवाशी बोलणे बंद करणे, हा खरा धोका आहे.

एज्राच्या ३ ऱ्या अध्यायात नव्या मंदिराचा पाया घातला गेला तेव्हाचे वर्णन आहे. जुने मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडत होते आणि इतर आनंदाने ओरडत होते. रडणे कोणते आणि आनंद कोणता, हे कोणाला ओळखता येईना. देवाची वेळ येते तेव्हाही गमावलेल्या वर्षांचे दुःख पुसले जात नाही. पण ते दुःख घेऊनही पायाजवळ उभे राहता येते.

या आठवड्यात कुटुंबात चिंतनासाठी

१. यिर्मया अध्याय २९, वचने ४ ते १४ जपमाळेनंतर एकत्र वाचा. आपले कुटुंब कशाची वाट पाहत आहे?

२. ‘ते झाले की मग करू’ म्हणून आपण कोणते काम, कोणता समेट किंवा कोणाची भेट अडवून ठेवली आहे? त्यातील एक गोष्ट या आठवड्यात करा.

३. आपल्या वाडीत खूप दिवस वाट पाहणारे कोण आहे? त्यांच्याकडे जा. तारीख सांगू नका, सल्ला देऊ नका. थोडा वेळ बसा.

हे प्रभो, तुझे वचन दूर वाटते तेव्हा आजचे काम आम्हाला जवळचे वाटू दे. जे आम्ही पाहणार नाही, त्यासाठीही पेरण्याचे बळ दे. आमेन.