कर शून्य, तरी रिटर्न चुकत नाही

प्राप्तिकर भरणे ऐच्छिक आहे, पगारातून तो कापणेच बेकायदा आहे, असे ठासून सांगणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांच्या सल्ल्याने वागू नका. संविधानाच्या कलम २६५ नुसार कायद्याचा आधार नसेल तर सरकारला एक रुपयाही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. हे नागरिकाला मिळालेले मोठे संरक्षण आहे. पण प्राप्तिकराला तो आधार आहे. शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार संविधानानेच केंद्राला दिला आहे. त्यासाठी आजवर १९६१ चा कायदा होता आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू आहे.

या कायद्यात नागरिकत्वापेक्षा वास्तव्य महत्त्वाचे. वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती सर्वसाधारणपणे निवासी ठरते. मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, तिथले नागरिकत्व घेतले, तरी त्याच्या इंदूरच्या फ्लॅटच्या भाड्यावर कर इथेच लागतो. शिवाय त्या परदेशस्थ मालकाला भाडे देताना टीडीएस (देतानाच कापून भरायचा कर) कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि ते बहुतेक भाडेकरूंना ठाऊकच नसते.

इंदूरला प्राप्तिकर तसा उशिरा आला. इंग्रजी मुलखात प्राप्तिकर १८६० मध्ये सुरू झाला, पण होळकर संस्थान त्या कायद्याबाहेर होते. इथल्या कापड गिरण्यांवर संस्थानाचा स्वतःचा औद्योगिक कर होता, त्याचे नियम १९२७ चे. पुढे संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५० पासून देशाचा प्राप्तिकर इथेही लागू झाला.

आता पैशांचे बघू. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, आणि असेच चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला आणि पेन्शनरला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांची मर्यादा पावणेतेरा लाखांची. ‘बारा लाखांपर्यंत काही नाही’ हे वाक्य यातूनच घरोघरी पोचले. ते कराबाबत बव्हंशी खरे आहे, रिटर्नबाबत मात्र साफ चूक. रिटर्न भरण्याची सक्ती नव्या पद्धतीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की सुरू होते.

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या ६८ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा हिशेब मांडून बघू. हिशेब कल्पित आहे, पण आकडे अनेक घरांत जुळतील. पेन्शन वर्षाला ६ लाख, एफडीचे व्याज २ लाख ४० हजार. एकूण ८ लाख ४० हजार, वजावटीनंतर ७ लाख ६५ हजार. त्यावर कर येतो १८,२५० रुपये आणि तो सगळा सुटीत जातो. देणे शून्य. पण ज्येष्ठांचे व्याज वर्षाला १ लाखावर गेले की बँक १० टक्के टीडीएस कापते, म्हणजे इथे २४,००० रुपये. हे पैसे बाईंचेच आहेत, पण रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत.

त्यांनी मुदतीत रिटर्न भरला तर खर्च शून्य आणि २४,००० परत. मुदत चुकवून ३१ डिसेंबरपर्यंत भरला तर ५,००० रुपये विलंब शुल्क. कर शून्य असला तरी हे शुल्क लागते, कारण उत्पन्न ५ लाखांच्या वर आहे. त्याखाली असते तर १,००० लागले असते. ज्याचे सरकारला काहीच देणे नाही अशा पेन्शनरकडून ५,००० घेणे माझ्या मते अन्यायाचे आहे आणि ते रद्द व्हायला हवे. पण होईपर्यंत नियम तो नियम. ३१ डिसेंबरही उलटला तर रिफंड मागण्याचा सरळ रस्ता बंद. मग विलंब माफीचा अर्ज करायचा आणि अधिकाऱ्यांच्या निर्णयाची वाट बघायची.

मुळात हा टीडीएस टाळता येतो. कर शून्य येणार असेल तर ज्येष्ठांनी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत टीडीएस न कापण्याचे घोषणापत्र द्यावे. आजवर ते १५-एच या नावाने मिळत आले आहे. नव्या कायद्यात क्रमांक बदलले असल्याने बँकेत नाव सांगण्यापेक्षा काम सांगावे. घोषणापत्राला पैसे लागत नाहीत. ज्यांचे वय ७५ किंवा अधिक आहे आणि पेन्शन व व्याज एकाच बँकेतून येते, त्यांना विशिष्ट बँकांत घोषणापत्र देऊन रिटर्नमधूनच सुटका मिळू शकते. मात्र दुसऱ्या बँकेत एक छोटी एफडी असली तरी ही सवलत जाते.

उत्पन्न मर्यादेखाली असूनही रिटर्न बंधनकारक होण्याची कारणे आहेत: वर्षाचे वीजबिल १ लाखावर, परदेश प्रवासाचा खर्च २ लाखांवर, बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा अधिक जमा, धंद्याची उलाढाल ६० लाखांवर, किंवा कापलेला टीडीएस २५ हजार आणि त्यावर (ज्येष्ठांना ५० हजार). मुलीकडे सिडनीला जाऊन आलेल्या आजी-आजोबांनी तिकिटाचा खर्च कोणी केला हे आठवून बघावे. शेअर विकणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण शेअरच्या विशेष दराच्या नफ्याला बारा लाखांची सूट लागू नाही.

माळव्यात शेतीचा प्रश्न हमखास निघतो. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरातून मुक्त आहे, बटाईने दिलेल्या जमिनीचे भाडेसुद्धा. पण तीच जमीन मॅरेज गार्डनला दिली तर ते भाडे शेतीचे राहत नाही आणि त्यावर कर लागतो. जमीन विकताना अंतर मोजा. इंदूरची लोकसंख्या दहा लाखांच्या वर असल्याने महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली जमीन करासाठी ग्रामीण मानली जात नाही. सातबाऱ्यासारख्या कागदांवर शेती असली तरी नफ्यावर कर येतो. जास्त काळ धरलेल्या जमिनीला दर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, जो कमी पडेल तो घ्यावा. स्वतः किंवा आईवडिलांनी आधीची दोन वर्षे कसलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते. हा सौदा करण्याआधी सीएकडे जा, नंतर नको. या एका सल्ल्याची फी सहज वसूल होते.

साधा पगार, पेन्शन, व्याज असेल तर सीए लागतोच असे नाही. सरकारच्या ई-फायलिंग पोर्टलवर रिटर्न फुकट भरता येतो. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर तो मुदतीत भरलेला धरला जात नाही. फीचा दर कायद्याने ठरलेला नाही, तेव्हा काम देण्याआधी आकडा विचारा आणि १८ टक्के जीएसटी त्यात धरला आहे का तेही विचारा. पॅन कधी काढलेच नसेल तर आधारवरून ई-पॅन फुकट मिळते. आधारशी जोडणी राहिली असेल तर १,००० रुपये दंड, आणि ती होईपर्यंत रिफंड अडकतो.

‘रिफंडच्या इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. अशी फी घेणे सीएंना त्यांच्या आचारसंहितेने मना आहे, आणि असा रिफंड बहुधा खोट्या वजावटींवर उभा असतो. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने अशा बनावट दाव्यांसाठी देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात मध्य प्रदेशही होता. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाले तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो सही करणाऱ्यावर येतो, सल्लागारावर नाही.

कर देणे असून मुदत चुकली तर दरमहा १ टक्का व्याज वेगळे. जुन्या वर्षांचे राहून गेलेले उत्पन्न अद्ययावत रिटर्न भरून दाखवता येते, पण जास्तीचा कर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के. मुद्दाम रिटर्न न भरणाऱ्यावर १९६१ च्या कायद्यात खटल्याचीही तरतूद आहे.

पगारपत्रकावर २०८ रुपये कापलेले दिसतात तो राज्याचा वृत्तिकर. तो प्राप्तिकराहून वेगळा आहे आणि संविधानानुसार वर्षाला २,५०० रुपयांवर जाऊ शकत नाही.

नोटीस आली तर घाबरून फोनवर पैसे पाठवू नका. खात्याच्या पत्रावर दस्तऐवज क्रमांक असतो, तो पोर्टलवर फुकट तपासता येतो. पगारदार आणि पेन्शनरांची नेहमीची मुदत ३१ जुलै आहे. २०२५ साली ती सप्टेंबरपर्यंत वाढली म्हणून दरवर्षी वाढेल असे धरून चालू नका. घरात आईवडील पेन्शनर असतील तर त्यांच्यासोबत बसून पोर्टलवरचे वार्षिक माहितीपत्रक उघडा आणि कुठल्या बँकेने किती टीडीएस कापला आहे ते बघून त्यांचा रिटर्न जूनमध्येच भरून टाका.