पितळी पक्षी काय सांगतात?

मुलांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी भारतातून आणलेली पितळी समई किंवा घंटा असेल. तिच्यावर एखादा पक्षी दिसतो का? तो नुसता शोभेसाठी नसतो. त्या वस्तूच्या कामाशी त्याचे नाते असते. तीन उदाहरणे पाहू.

१. समई : समईच्या टोकावर बहुधा हंस किंवा मोर असतो. दसऱ्याला आपण पाटीवर जिचे चित्र काढतो, त्या सरस्वतीची ही वाहने. ती विद्येची देवता आणि उजेड हे ज्ञानाचे प्रतीक, म्हणून ही जोडी जमते. दुधात पाणी मिसळले तरी हंस फक्त दूध पितो, अशी जुनी समजूत आहे. खऱ्या हंसाला हे जमत नाही. पण चांगले-वाईट ओळखण्याच्या बुद्धीला मराठीत आजही 'नीरक्षीरविवेक' म्हणतात.

२. घंटा : पूजेच्या घंटेच्या मुठीवर अनेकदा हात जोडलेला गरुड असतो. गरुड हे विष्णूचे वाहन. पूजेच्या आरंभी घंटा वाजवून आपण देवाला बोलावतो, आणि देवाला घेऊन येणारा गरुड मुठीवर तयारच असतो! काही घंटांवर मारुती किंवा नंदीही असतो.

३. अडकित्ता : याने सुपारी कातरतात. जुने अडकित्ते मोर, घोडा, पोपट अशा आकारांचे असत. पोपटाची चोच टणक कवच फोडते, तेच अडकित्त्याचे काम. शिवाय पोपट हे प्रेमाचा देव मदन याचे वाहन, आणि विडाही प्रेमानेच द्यायचा असतो.

असे अनेक अडकित्ते आणि दिवे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून घरगुती वापराच्या वस्तू जमवल्या आणि लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले.

आता घरी सुपारी क्वचितच कातरली जाते. अडकित्ता मोडीत निघतो, मग त्याचे नावही विसरले जाते. परदेशात तर हे आणखी लवकर घडते. म्हणून आजी-आजोबांना आत्ताच विचारून ठेवा.

शब्दार्थ : नीर – पाणी, क्षीर – दूध, विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी, मोडीत निघणे – भंगार म्हणून विकले जाणे.

गृहपाठ : घरातल्या एका वस्तूवरील प्राण्याचे चित्र काढा. ती वस्तू कोणाची, कोठून आली, हे पाच वाक्यांत लिहा. पालकांनी माहिती सांगावी. वाक्ये मात्र मुलांनीच लिहावीत.